मगहरची वाट आणि नोएडाची भीती

दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेचा पहिला टप्पा नोएडातील बोटॅनिकल गार्डन स्थानकापासून दक्षिण दिल्लीतील कालकाजी मंदिर स्थानकापर्यंत आहे. अंतर जेमतेम साडेबारा किलोमीटर. २५ डिसेंबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्या दिवशी नव्या गाडीपेक्षा अधिक चर्चा झाली ती समारंभाला उपस्थित असलेल्या एका व्यक्तीची. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ त्यांच्याच राज्यातील एका शहरात आले होते आणि ही बातमी ठरली होती. एखाद्या ठिकाणी गेल्याने आपली खुर्ची जाईल असे ज्याला वाटते, तो मुख्यमंत्रिपदाला पात्र नाही, अशा आशयाचे उद्गार पंतप्रधानांनी तेथे काढले. सेवानिवृत्तीनंतर मी नोएडातच राहतो. त्या भाषणाचा अर्थ इथल्या रहिवाशांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. नोएडा ही १७ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, एका औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या रूपाने जन्माला आलेली वसाहत. यमुनेच्या पलीकडे, दिल्लीला लागून. पुढे ती उत्तर प्रदेशच्या तिजोरीला भरघोस महसूल देणारे शहर बनली. जून १९८८ मध्ये मुख्यमंत्री वीर बहादुर सिंह नोएडाला येऊन गेले आणि त्याच महिन्यात त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेले नारायण दत्त तिवारी १९८९ मध्ये येथे येऊन गेले आणि वर्षअखेरीच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. १९९५ मध्ये मुलायम सिंह यादव आणि १९९९ मध्ये कल्याण सिंह यांच्याबाबत हेच घडले, असे लोक बोटे मोडून सांगू लागले. ऑक्टोबर २०११ मध्ये मायावती दलित प्रेरणा स्थळाच्या उद्घाटनाला आल्या आणि मार्च २०१२ मध्ये त्यांची सत्ता गेली. मग नोएडा हे पांढऱ्या पायाचे शहर आहे यावर लखनौच्या राजकीय वर्तुळात शिक्कामोर्तबच झाले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो असा, की एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे होत नाही. आपल्या परंपरेत याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि दोष कावळ्याच्या माथी येतो. त्या काळातील उत्तर प्रदेशच्या फांद्या कशा होत्या, हे पाहिले तर कावळा निर्दोष ठरतो. डिसेंबर १९९२ ते मे २००२ या दहा वर्षांत त्या राज्यात तीनदा राष्ट्रपती राजवट लागली. फेब्रुवारी १९९८ मध्ये एका गृहस्थांचे मुख्यमंत्रिपद जेमतेम एक दिवस टिकले. विधानसभेची पूर्ण पाच वर्षे सलग मुख्यमंत्रिपदी राहणारे त्या राज्यातील पहिले नाव मायावतींचे, तेही २००७ ते २०१२ या काळात. म्हणजे त्याआधी जे नोएडाला आले त्यांचे पद गेले आणि जे आले नाहीत त्यांचेही गेले. मुलायम सिंह २००३ ते २००७ या कार्यकाळात नोएडाकडे फिरकले नाहीत, तरी २००७ मध्ये हरले. अखिलेश यादव यांनी पाच वर्षे हे पथ्य पाळले, तरी २०१७ मध्ये हरले. पथ्य पाळून रोगी दगावला, तर त्याची गणना कोणी करत नाही. समज टिकून राहतो तो याच निवडक हिशेबावर.

हा समज केवळ गमतीचा विषय असता, तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्याची किंमत मोजावी लागली. ९ ऑगस्ट २०१२ रोजी ग्रेटर नोएडा ते आग्रा या यमुना द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन झाले, ते लखनौत बसून, दूरदृश्य प्रणालीद्वारे. मे २०१३ मध्ये आशियाई विकास बँकेची वार्षिक परिषद ग्रेटर नोएडात भरली. पंतप्रधान मनमोहन सिंग तेथे आले आणि यजमान राज्याचे मुख्यमंत्री मात्र आले नाहीत. हे शिष्टाचाराचे प्रश्न आहेत असे म्हणून सोडून देता येईल. निठारीचा प्रश्न तसा सोडता येत नाही.

डिसेंबर २००६ च्या अखेरीस नोएडाच्या सेक्टर ३१ मधील एका नाल्यातून लहान मुलांचे सांगाडे निघाले. निठारी हे शहराने वेढलेले जुने गाव. तेथे भाड्याच्या खोल्यांतून मजूर आणि घरकामगारांची कुटुंबे राहत. मुले बेपत्ता झाल्याच्या त्यांच्या तक्रारी कित्येक महिने कोणी कानांवर घेतल्या नव्हत्या. सारा देश त्या नाल्याकडे पाहत असताना राज्याचे मुख्यमंत्री त्या वस्तीत आले नाहीत. त्यांच्या न येण्याचे कारण हा समजच होता, असा आरोप मी करणार नाही. दुसऱ्याच्या मनातले कारण सिद्ध करता येत नाही. पण त्या आईबापांपर्यंत काय पोहोचले? आपल्या मुलांच्या मृत्यूपेक्षा कोणाला तरी आपल्या खुर्चीची काळजी अधिक आहे, असा समज त्या काळी या शहरात सर्रास होता. राज्यकर्त्याविषयी असा संशय घेण्यास जागा राहणे, एवढीच गोष्ट राज्यव्यवस्थेसाठी पुरेशी लाजिरवाणी आहे.

या व्यवहारात माझ्यासारख्यांचा वाटा होता, हेही नमूद केले पाहिजे. सेवेत असताना एका प्रकल्पाच्या उद्घाटनाची नस्ती माझ्याकडे आली होती. ठिकाण निश्चित झाले होते, मंडप घालणाऱ्याला सूचनाही गेली होती. मग वरून निरोप आला की, कार्यक्रम दुसऱ्या जिल्ह्यात घ्यावा. कारण सांगितले गेले नाही आणि सांगण्याची गरजही नव्हती. मी टिप्पणीत लिहिले, ‘प्रशासकीय सोयीसाठी स्थळ बदलण्यात येत आहे.’ खाली स्वाक्षरी केली. त्या नस्तीवर एकही शब्द नियमबाह्य नव्हता आणि एकही शब्द खरा नव्हता. ज्या वस्तीसाठी तो प्रकल्प होता, तेथील लोकांना आपल्या अडचणी वरिष्ठांसमोर मांडण्याची जी एक संधी मिळाली असती, ती त्या एका वाक्याने गेली. मी स्वतः शकुन-अपशकुन मानत नव्हतो. तरी त्या भीतीला सरकारी भाषेचे वस्त्र मीच नेसवले.

ही भीती म्हणजे धर्मश्रद्धा आहे, असे तिचे समर्थक म्हणतात. ‘आमची आस्था आहे’ म्हटले की प्रश्न विचारणारा गप्प बसतो. पण नोएडाचा उल्लेख कोणत्या शास्त्रात आहे? १९७६ साली वसलेल्या औद्योगिक वसाहतीविषयी कोणत्या ऋषीने काय सांगून ठेवले आहे? हे शहर ज्या जिल्ह्यात येते, त्याला १९९७ मध्ये गौतम बुद्धांचे नाव देण्यात आले, ज्यांनी ग्रह-नक्षत्रांवरून भाकिते सांगून पोट भरणे भिक्षूंना वर्ज्य ठरवले होते. श्रद्धेच्या नावाखाली जे चालते त्यातील कितीतरी गोष्टी अशा अलीकडच्या, कोणाच्या तरी राजकीय अपघातातून उपजलेल्या असतात. त्यांना प्राचीनतेची झूल नंतर चढवली जाते. महाराष्ट्रातील वाचकांनी यावर फार हसू नये. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरील ६०२ क्रमांकाच्या दालनाची कथा दिल्लीतही ऐकू येते. कर्नाटकात चामराजनगर या जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे अनेक मुख्यमंत्र्यांनी असेच वर्षानुवर्षे टाळले होते.

या संदर्भात मला नोएडापेक्षा जुने एक गाव आठवते. माझे आजोळ पूर्व उत्तर प्रदेशातील बस्तीकडचे. गोरखपूरला जाताना वाटेत मगहर लागत असे. तेव्हा ते बस्ती जिल्ह्यात होते, आता संत कबीर नगर जिल्ह्यात आहे. बस तेथे थांबली, तरी आजी खाली उतरत नसे आणि आम्हा मुलांना तेथले पाणी पिऊ देत नसे. काशीत मेलेल्याला मोक्ष मिळतो आणि मगहरला मेलेला गाढवाच्या जन्माला जातो, असे ती सांगे. तिच्या दृष्टीने त्यात वाद घालण्यासारखे काहीच नव्हते.

पुढे इतिहास शिकताना कळले की, याच समजुतीमुळे कबीर मगहरला गेले होते. आयुष्य काशीत काढलेला हा विणकर उतारवयात काशी सोडून मुद्दाम त्या गावी गेला आणि परंपरेनुसार १५१८ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. आमी नदीच्या काठी आज त्यांची समाधी आणि मजार शेजारी शेजारी उभी आहे. कबीरांच्या या जाण्याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. मगहरलाही मोक्ष मिळतो, हे सिद्ध करून दाखवण्यासाठी ते गेले नाहीत. तसे सिद्ध करणे शक्यही नव्हते, कारण मृत्यूनंतरचा निकाल कोणाला कळवता येत नाही. त्यांचे म्हणणे इतकेच होते की, ज्याच्या हृदयात राम आहे त्याला गाव कोणते हा प्रश्न पडू नये, आणि केवळ काशीच्या बळावर जो तरणार असेल त्याने रामावर कसला विश्वास ठेवला?

अंधश्रद्धा आणि अध्यात्म यांतील भेद मला येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. अंधश्रद्धेत माणूस आपल्या कर्माची जबाबदारी स्थळावर, तिथीवर, वस्तूवर किंवा दुसऱ्या माणसाच्या पावलांवर टाकतो. अध्यात्म ती जबाबदारी परत त्याच्याच पदरात घालते. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगितले आहेत. त्या यादीत दान, तप, अहिंसा या सर्वांच्या आधी पहिले नाव येते ते अभयाचे. हा क्रम योगायोगाचा नसावा. ज्याचे मन भ्यालेले आहे त्याचे दान लाच बनते, तप सौदा बनतो आणि पूजा विम्याचा हप्ता होते. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायावर भाष्य करताना अज्ञानी माणसाची लक्षणे सांगितली आहेत. तिथीगणिक देव बदलणारा आणि एकाचीही निष्ठा नसणारा भक्त त्यांनी त्यात गणला आहे. तुकोबांनी नवसाची रेवडी उडवली. गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांतून कोंबड्या-बकऱ्यांचे बळी आणि कर्ज काढून केलेले नवस यांवर कोरडे ओढले, आणि हातातील खराट्याने गाव झाडले. ही सारी माणसे धर्माच्या बाहेर उभी राहून बोलत नव्हती. त्यामुळे अंधश्रद्धेला विरोध म्हणजे हिंदू धर्माला विरोध, हे म्हणणे या परंपरेच्याच विरुद्ध जाते.

येथे एक भेद करणे न्यायाचे होईल. माझ्या आजीची भीती आणि मुख्यमंत्र्याची भीती या दोन्ही एका तराजूत तोलता येत नाहीत. आजीच्या हाती कसलीच सत्ता नव्हती. दुष्काळ, पटकी आणि बाळंतपणातील मृत्यू पाहिलेल्या बाईने आपल्या नातवंडांना एका गावचे पाणी पिऊ दिले नाही, तर तिचे नुकसान थोडे आणि तिची असहायता मोठी होती. सत्ताधाऱ्याचे तसे नसते. त्याच्या भीतीची किंमत दुसरे मोजतात. जितके पद मोठे, तितकी भीती बाळगण्याची सवलत कमी असायला हवी. आपल्याकडे मात्र उलटा रिवाज आहे. गरिबाच्या गंड्याला अंधश्रद्धा म्हणतात आणि मंत्र्याच्या दालनातील वास्तुबदलाला श्रद्धा म्हणतात.

आता २०१७ नंतरच्या घटनांकडे वळतो. योगी आदित्यनाथ पुढेही अनेकदा नोएडाला आले आणि २०२२ मध्ये पुन्हा निवडून आले. पूर्ण मुदत संपवून लागोपाठ दुसऱ्यांदा सत्तेवर येणारे ते त्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री. निकालानंतर ‘नोएडाचा शाप संपला’ असा जयघोष झाला. मला तो जयघोष अस्वस्थ करून गेला. योगींचे नोएडाला येणे योग्यच होते. परंतु ते योग्य होते याचा पुरावा म्हणून आपण निवडणुकीचा निकाल पुढे करत असू, तर आपण जुन्याच तर्कावर उभे आहोत. ते २०२२ मध्ये हरले असते, तर नोएडा अपशकुनी ठरले असते काय? शहर लाभले असे म्हणणे आणि शहर बाधले असे म्हणणे, यांत फरक फक्त चिन्हाचा आहे. मुख्यमंत्र्याने नोएडाला जावे ते तेथील लोकांचे काम त्याच्याकडे आहे म्हणून, आणि त्यापायी उद्या खुर्ची गेली, तरी जावे. कबीर मगहरला गेले ते या अर्थाने.

ही चूक थोरांच्या हातूनही होते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे, असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यता निवारणाच्या कामात रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या बाजूचे होते, तरीही त्यांनी जाहीर आक्षेप घेतला. निसर्गातील उत्पाताला नैतिक कारण चिकटवले, तर उद्या अस्पृश्यतेचे समर्थकही तोच भूकंप आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गांधीजींनी हा आक्षेप फेब्रुवारीत आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापला आणि त्याला उत्तरही दिले. त्यांचे मत बदलले नाही. पण चांगल्या हेतूने उभी केलेली भीतीसुद्धा भीतीच राहते, हे ठाकुरांनी नोंदवून ठेवले आणि गांधीजींनी ते नोंदवू दिले. आपल्या सार्वजनिक जीवनात आज या दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत.

धोरणाच्या दृष्टीने यातून काय निघते? राज्यसंस्थेने कोणाची श्रद्धा खरी आणि कोणाची खोटी हे ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. तिने अपाय पाहावा. महाराष्ट्राने येथे देशाला वाट दाखवली आहे, आणि त्यासाठी मोठी किंमत दिली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्या कायद्यात नरबळी, अघोरी उपचार, भुताने झपाटल्याचे सांगून केलेली मारहाण, चमत्काराच्या नावाने केलेली फसवणूक यांसाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. त्याच कायद्याने यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन आणि घरातली-मंदिरातली उपासना स्पष्ट शब्दांत वगळली आहे. ज्यांना हा कायदा वारकऱ्यांच्या विरोधात वाटला होता, त्यांनी ते कलम वाचायला हवे. तो सर्व धर्मांच्या भोंदूंना सारखाच लागू आहे. कर्नाटक आणि गुजरात या राज्यांनी पुढे असे कायदे केले. केंद्राचा १९५४ चा जादूई औषधांच्या जाहिरातींविषयीचा कायदा आहे, पण त्याची कक्षा मर्यादित आहे. दिल्ली आणि उत्तर प्रदेशने महाराष्ट्राच्या धर्तीवर कायदा करणे अगत्याचे आहे.

परंतु कोणताही कायदा मुख्यमंत्र्याला अमुक शहरात जा असे सांगू शकत नाही. त्यासाठी प्रशासनाची शिस्त लागते, आणि ती साधी आहे. जे कारण टिप्पणीत लिहिता येत नाही, त्या कारणाने शासकीय निर्णय होऊ नये. स्थळ, तारीख, इमारतीचे दार, सभागृहाची दिशा यांत बदल करायचा असेल, तर खरे कारण लिहावे. ‘अपशकुनाच्या भीतीने’ असे लिहिण्याचे धाडस होत नसेल, तर तो बदलही करू नये. १९७६ मध्ये, म्हणजे नोएडा वसले त्याच वर्षी संमत झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. नागरिकाकडून जी अपेक्षा आहे, ती निदान नस्तीकडून तरी असावी.

मॅजेंटा मार्गिकेने मी अधूनमधून दिल्लीला जातो. नवरात्रात त्या गाडीत नारळ आणि लाल चुनरी घेतलेल्या बायकांची गर्दी असते. कालकाजीला उतरणाऱ्या त्या गर्दीत कोणी भीतीपोटी चालली आहे आणि कोणी प्रेमापोटी, हे मला बाहेरून सांगता येणार नाही, आणि ते विचारण्याचा अधिकार मला किंवा सरकारला नाही. त्याचे उत्तर जिचे तिनेच द्यायचे आहे. माझ्यापुरते उत्तर मला त्या जुन्या नस्तीतील एका वाक्याने दिले आहे. मी देवाला घाबरत नव्हतो आणि अपशकुनालाही घाबरत नव्हतो. मी वरिष्ठांच्या नाराजीला घाबरलो होतो. अभयाचा धडा गीतेत पहिला येतो, आणि आमच्या नोकरीत तो बहुधा निवृत्तीनंतर शिकला जातो.